खंडेनवमीचा स्विच

विमानतळाची वीज गेली की काय होतं, हे मी लोकांना इतक्यांदा सांगितलंय की बायको म्हणायची, तुमची एक कॅसेटच काढा, म्हणजे माझा चहा तरी गार व्हायचा नाही. पाहुणे आले की मी सुरू. बोर्डाची वीज गेली की टॉवरमधला रेडिओ बॅटरीवर चालू राहतो, त्याला क्षणाचाही खंड पडत नाही. धावपट्टीच्या दिव्यांचा भार मात्र बॅटरीला झेपत नाही, तो डिझेल जनरेटरनं घ्यायचा. वीज गेलीय हे त्याचं त्यालाच कळलं पाहिजे, त्यानं आपणहून सुरू व्हायचं, वेग धरायचा आणि सगळे दिवे लावायचे. हे सारं पंधरा सेकंदांच्या आत. सोळावा सेकंद उजाडला तर माझ्यासारख्याचं डिझाइन नापास.

त्या पंधरा सेकंदांवर मी घर बांधलं, पोरांची शिक्षणं केली, गावात मान मिळवला. आणि त्याच कामात एका चांगल्या माणसाचं वाटोळं केलं. ते पाहुण्यांना कधी सांगितलं नाही. ज्यांचं वाटोळं झालं ते आता हयात नाहीत आणि मी सत्तरीला टेकलोय, तेव्हा आता लिहूनच टाकतो. नावं कुणाची घेणार नाही, त्या विमानतळाचंही नाही. तो कोल्हापूरचा नव्हे, एवढं मात्र आधीच सांगतो. नाहीतर आमची माणसं वाचता वाचता उजळाईवाडीच्या विमानतळाकडं बोट दाखवून मोकळी होतील.

गोष्ट नव्वदीच्या दशकातली. माझी कचेरी कोल्हापूरच्या उद्यमनगरात होती. कचेरी म्हणजे काय, एक खोली, एक ड्रॉइंग बोर्ड आणि छताला एक पंखा. पॅनेल जुळवायची शेड उचगावात. पॅनेल म्हणजे कपाटाएवढी लोखंडी पेटी. जनरेटर केव्हा चालू व्हायचा, केव्हा बंद, हे ठरवणारे सगळे स्विच तिच्या पोटात. तोवर मी साखर कारखान्यांची आणि दवाखान्यांची कामं केली होती. मग एक दिवस कोल्हापूरपासून पाच-सहा तासांवरच्या एका लहान विमानतळाचं काम आलं. च्यामारी, काय माज चढला होता मला! जो भेटेल त्याला सांगत सुटलो. दाढी करताना न्हाव्यालासुद्धा सांगितलं.

शेडमध्ये इंजिनं चालवून बघायला एक माणूस होता, कुरुंदवाडकडचा. आधी नदीवरच्या पाणी संस्थेची इंजिनं चालवायचे. वयानं माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे. सगळी शेड त्यांना मामा म्हणायची, म्हणून मीही मामाच म्हणायचो. शिक्षण सातवी. पण इंजिन सुरू झालं की डोळे मिटून उभे राहायचे आणि म्हणायचे, "साहेब, तिसऱ्या सिलिंडरात कायतर खोट हाय." उघडून बघावं तर असायचीच. मला त्यांचं कौतुक होतं आणि खरं सांगायचं तर पोटात थोडं दुखायचंही. पदवी माझ्याकडं आणि कान त्यांच्याकडं, हा कुठला न्याय?

त्या विमानतळासाठी मी जे डिझाइन केलं त्याचा मला भारी अभिमान होता. सगळं दोन दोन. जनरेटर दोन, डिझेलच्या टाक्या दोन, सुरू करायच्या बॅटऱ्या दोन, केबल न्यायचे चरसुद्धा दोन, आणि तेही इमारतीच्या दोन अंगांनी. एकात पाणी शिरलं तरी दुसरा कोरडा. एक इंजिन रुसलं तर दुसरं हजर. फक्त एकच गोष्ट एकटी होती. पॅनेलवर मधोमध एक मोठा फिरवायचा स्विच होता. त्याच्या तीन जागा: ऑटो, हाताने, आणि बंद. ऑटोवर असला तरच वीज गेल्यावर जनरेटर आपणहून उठणार. दोन बैलांची वेसण एकाच दोरीला बांधावी, तसं मी दोन्ही जनरेटर त्या एका स्विचवर ठेवले होते. त्यात काही वावगं आहे असं मला वाटलं नाही. स्विच कशाला बिघडतोय?

पॅनेल तयार झालं तशी शेडमध्येच चाचणी घेतली. मी हातातल्या घड्याळाकडं बघत उभा आणि मामांनी मेन स्विच खाली ओढला. इंजिन खोकलं, उठलं, दिवे लागले. अकरा सेकंद! शेडमधल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी पेढे आणायला पाठवलं.

पेढा हातात धरून मामा पॅनेलपुढं उभे राहिले. त्या मधल्या स्विचकडं बघत म्हणाले, "साहेब, एक इचारू काय?"

"विचारा की."

"ह्यो बंदवर ऱ्हायला तर कळनार कसं?"

"कशाला राहील? ऑटोवर ठेवायचा. तसं पुस्तकात लिहून देणारय मी."

"आवो, पर खंडेनवमीला?"

मला पहिल्यांदा कळलंच नाही. मग त्यांनी समजावून सांगितलं, पोराला सांगावं तसं. नवमीला आपण इंजिनाची पूजा करतो. पुसून काढायचं, हळद-कुंकू लावायचं, पंख्याला, पट्ट्याला, चाकाला झेंडूच्या माळा घालायच्या. पाणी संस्थेच्या इंजिनाला हँडल मारल्याबिगर ते हलत नव्हतं, तिथं भीती नव्हती. पण हे इंजिन स्वतःहून सुरू होणारं. माणूस पट्ट्याला कुंकू लावतोय आणि नेमकी वीज गेली, तर बोटं जायची. म्हणून पूजेआधी कुठलाही शहाणा माणूस स्विच बंदवर टाकणारच. त्यात पूजा मांडली की दसऱ्याला ती हलवेपर्यंत यंत्राला हात लावायचा नाही, ही रीत. म्हणजे दोन दिवस स्विच बंदच. "आन् मागनं ऑटोवर टाकायचं ध्यानातनं गेलं तर? मानूस हाय. एक घंटी द्या साहेब. स्विच ऑटोवर नसंल तवर वाजत ऱ्हाईल अशी. आन् ती इंजिनाच्या खोलीत नको, तिथं कोन असतंय? वर टॉवरात वाजली पायजे. तिथं चोवीस तास मानूस बसलेला असतोय."

एवढं नीट सांगितलं होतं. यात एक शब्द कमी करायला नको होता की एक वाढवायला. आज मला डिझाइन शिकवायला सांगितलं तर मी हेच पाच मिनिटं शिकवीन.

आणि मी काय म्हणालो? "मामा, आता विमानतळाच्या नकाशात मी खंडेनवमी काढू काय? आणि संक्रांत? ती कुठं बसवू?"

सगळी शेड हसली. मामापण हसले. पेढा तोंडात टाकला, हात धोतराला पुसले आणि म्हणाले, "न्हाय, आपलं सुचलं म्हनून सांगिटलं."

वाईट याचं वाटतं, की त्यांचं खरं आहे हे मला तिथंच पटलं होतं. हसता हसताच पटलं होतं. एक तार टॉवरपर्यंत न्यायची आणि एक घंटी, अर्ध्या दिवसाचं काम. पण नकाशे मंजूर होऊन आले होते. बदल कळवायचा म्हणजे वरच्यांना पत्र लिहायचं, की माझ्या डोक्यात एक गोष्ट आली नव्हती. ते विचारणार, मग आधी का नाही आली? चूक कबूल करायला मी भितो. लहानपणापासून भितो, अजून भितो. मी पुस्तकात इंग्रजीत ठळक अक्षरांनी छापलं, की स्विच कायम ऑटोवर ठेवावा. शहाणपणा संपला माझा तिथं.

विमानतळावर यंत्रणा बसली. चालवायला भरवशाचा माणूस पाहिजे होता. देखभालीचा ठेकेदार मला म्हणाला, तुमच्या बघण्यात कुणी आहे काय? मी मामांचं नाव दिलं. मामी गावाकडंच राहिल्या, शेत आणि म्हातारी सासू होती. मामा एकटे तिकडं खोली करून राहिले. जाताना माझ्या कचेरीत आले आणि कपाळ टेकवल्यासारखं करून ड्रॉइंग बोर्डाला नमस्कार केला. मी म्हटलं, "मामा, हे काय?" तर म्हणाले, "आवो, हितंच काढलंय की सगळं." गावात त्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, मी इमानतळावर हाय म्हणून. मामींनी म्हणे शेजारणींना साखर वाटली.

पहिलं वर्ष सुरळीत गेलं. दुसऱ्या वर्षीच्या दसऱ्यानंतर दुसऱ्या दिवशी दुपारी कचेरीतला फोन वाजला. पलीकडं ठेकेदार. इतकं ओरडत होता की आधी मला काही समजलंच नाही.

झालं होतं ते असं. नवमीला मामांनी दोन्ही जनरेटर पुसून-पासून लख्ख केले, स्विच बंदवर टाकला आणि पूजा केली. टॉवरमधल्या साहेबांनासुद्धा प्रसाद नेऊन दिला. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला पूजा हलवायची, नारळ वाढवायचा, स्विच ऑटोवर टाकायचा, असं त्यांच्या डोक्यात. पण दसऱ्याच्या पहाटेपासून परतीचा पाऊस असा कोसळला की धावपट्टीच्या कडेची गटारं तुंबली. मामांना पाण्याच्या पंपावर पाठवलं, कारण पंपाचं इंजिन दुसऱ्या कुणाला जुमानत नव्हतं. दिवसभर ते चिखलात. इकडं साफसफाईच्या बाईनं बघितलं, दसरा झाला, फुलं सुकली. तिनं माळा काढल्या, खोली झाडून घेतली. स्विचला ती कशाला हात लावेल? तिचं ते कामच नव्हतं. संध्याकाळी दमून मामांनी खोलीत डोकावलं, माळा निघालेल्या बघितल्या आणि त्यांना वाटलं, झालं सगळं. आठवड्याची इंजिन-चाचणी सोमवारी असायची, तिला अजून चार दिवस होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी आभाळ एवढं काळंभोर झालं की दिवे लावावे लागले. विमान उतरायला आलं आणि बोर्डाची वीज गेली. पंधरा सेकंद गेले. मिनिट गेलं. मामा पंपावरून चिखलातनं पळत आले, स्विच फिरवला आणि जनरेटर एका झटक्यात उठला. काही बिघाडच नव्हता, बिचारा हुकमाची वाट बघत उभा होता. पण तोवर वैमानिकानं विमान वर उचललं होतं. दोन घिरट्या घालून तो दुसऱ्या गावाला गेला. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, देवाची कृपा. पण विमानात बडी असामी होती आणि तिची सभा चुकली. मग काय विचारता! चौकशी लागली.

चौकशीला मी गेलो तेव्हा मामा बाहेर बाकावर बसले होते. इस्त्रीचा शर्ट, डोक्याला टोपी. मला बघून उठले आणि चेहरा एकदम उजळला. म्हणाले, "आलासा? बरं झालं. आता काय काळजी न्हाय."

मी आत गेलो. टेबलापलीकडं तीन अधिकारी होते. मधले गृहस्थ वयस्कर आणि अतिशय सभ्य. सभ्य माणसापुढं खोटं बोलणं जास्त सोपं जातं, हे मला त्या दिवशी कळलं. मग मामांनाही आत बोलावलं. त्यांनी सगळं सरळ सांगून टाकलं. स्विच मीच बंद केला, चालू करायचा मीच विसरलो. काही लपवलं नाही. शेवटी म्हणाले, "पर साहेब, मी ह्ये आधीच बोललो हुतो. घंटी द्या म्हनून सांगिटलं हुतं. ह्या साहेबास्नी इचारा."

मधले गृहस्थ माझ्याकडं वळले. "यांनी अशी सूचना केली होती काय?"

टेबलावर माझ्यापुढं पाण्याचा पेला होता. शेजारच्या अधिकाऱ्याच्या फायलीत दुसऱ्या एका विमानतळाच्या कामाचा कागद होता, ते काम मला मिळायच्या बेतात होतं. हो म्हटलं असतं तर काय झालं असतं? डिझाइनमध्ये खोट राहिली, आणि ती दाखवून दिलेली असतानाही राहिली, असं लेखी झालं असतं. ते काम गेलं असतं. कदाचित कुठल्याच विमानतळाच्या फाटकातून मला आत घेतलं नसतं. पण मामांची चूक हलकी ठरली असती. समज देऊन सोडलं असतं. एवढाच तराजू होता, एका बाजूला माझं नाव आणि दुसऱ्या बाजूला त्यांची नोकरी.

मी म्हणालो, "असं काही झाल्याचं मला आठवत नाही."

नाही म्हणालो नाही, बघा. आठवत नाही म्हणालो. लबाडीतही काटकसर! मामांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता ओरडतील, शेडमधल्या पोरांची नावं घेतील, साक्षीला बोलवा म्हणतील.  त्यांनी फक्त डोक्यावरची टोपी नीट केली आणि मान खाली घातली.

मामांना त्याच दिवशी कामावरून काढलं. पुढं अहवालात लिहिलं, यंत्रणा निर्दोष, कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं आपण उठता-बसता म्हणतो. मी त्या म्हणीतला चोर आहे, एवढाच फरक.

परत येताना आम्ही एकाच एसटीत. दुसरी गाडी नव्हती, नाहीतर मी तिनं गेलो असतो. मामांची वळकटी आणि ट्रंक टपावर. पाच तास त्यांच्या शेजारी बसायचं होतं. वाटेत गाडी थांबली तर मामा उतरून गरम भजी घेऊन आले आणि कागद माझ्यापुढं धरला. "खावा. सकाळधरनं पोटात काय न्हाय तुमच्या." मी एक उचललं. ते हातातच धरून बसलो.

कऱ्हाड मागं पडल्यावर त्यांनी विचारलं. आवाज अगदी साधा होता, पावसाचं विचारावं तसा. "साहेब, खरंच आठवत न्हाय काय तुमास्नी? पेढं आनलं हुतं तवाचं?"

तिथं सांगायचं होतं. गाडीत कुठं अधिकारी बसले होते? कोण ऐकत होतं? पण एकदा बोललेलं खोटं पुसायला जेवढं धाडस लागतं तेवढं माझ्याकडं नव्हतं. मी खिडकीबाहेर बघत म्हणालो, "नाही हो मामा. खरंच नाही आठवत."

ते मान डोलावत राहिले. "आसंल की. शंभर ठिकानची कामं तुमची. मानूस इसरतोच. मी न्हाय का इसरलो?" आणि त्यांनी उरलेली भजी पुडीत गुंडाळून पिशवीत ठेवली, घरी नेण्यासाठी.

मी त्यांना उचगावच्या शेडमध्ये परत या म्हटलं. म्हणजे निरोप धाडला, स्वतः नाही गेलो. त्यांनी उलट निरोप धाडला, आता इंजिनाला हात लावायची इच्छा नाही. दर दसऱ्याला कुणाच्या तरी हाती ते आपट्याची पानं मात्र पाठवायचे. मी ती कचेरीच्या खणात टाकायचो आणि खण बंद करायचो.

ते दुसरं विमानतळाचं काम मला मिळालं. त्यात मी घंटी घातली. स्विच ऑटोवर नसेल तर टॉवरमध्ये वाजणारी, मामांनी सांगितलेली, तशीच्या तशी. त्यानंतरच्या प्रत्येक डिझाइनमध्ये घातली. जुन्या विमानतळावरही पत्र लिहून बसवून घेतली. पत्रात लिहिलं, अधिक खबरदारी म्हणून. दोन हजार सालानंतर भारनियमन एवढं वाढलं की जो तो जनरेटर घ्यायला लागला आणि माझं नाव आणखी झालं. लोक म्हणायचे, काय बारीक विचार असतो तुमचा! मी लाजल्यासारखं हसायचो. किती निर्लज्जपणानं लाजता येतं माणसाला, ते माझ्याकडून शिकावं.

मग एकदा कोल्हापुरातच इंजिनिअर मंडळींपुढं माझं व्याख्यान ठेवलं. विषय, अखंड वीज कशी ठेवावी. त्या घंटीचा नकाशा मी पडद्यावर दाखवला. बोलून झाल्यावर मागच्या ओळीतून एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, हा स्विच बंद राहू शकतो, हे तुम्हाला सुचलं कसं? आम्ही तर यंत्र बिघडेल एवढाच विचार करतो."

शंभरेक माणसं बसली होती. मी म्हणालो, "अनुभवातून." टाळ्या पडल्या. शाल पांघरली, नारळ दिला. घरी येऊन मी शाल खुर्चीवर टाकली. बायकोनं विचारलं, कसं झालं? तिला पहिल्यांदा सगळं सांगितलं. तिनं ती शाल घडी करून ठेवली. मग म्हणाली, "मला कशाला सांगताय? ज्यांना सांगायचं त्यांना जाऊन सांगा की."

पुढच्या रविवारी सकाळी मी कुरुंदवाडकडं गेलो. घर विचारत विचारत सापडलं. नदीकडच्या वाटेवर दोन खोल्या, पुढं अंगण, एक म्हैस. मामा अंगणात बाजेवर बसून दोर वळत होते. वाळले होते, दाढी पांढरी झाली होती. मला बघून दोर टाकून उठले. "अगं ए, भाईर ये! कोन आलंय बघ! आपलं साहेब!" मामी पदर सावरत आल्या, पाण्याचा तांब्या दिला आणि चहा टाकायला आत गेल्या. दहा वर्षांत मी पहिल्यांदा त्या दारात आलो होतो आणि माझा असा पाहुणचार.

मी बसलोसुद्धा नाही. म्हटलं, बसलो तर सांगणं राहून जाईल.

"मामा, चौकशीत मी खोटं बोललो. मला सगळं आठवत होतं. तुमचा शब्दन् शब्द."

मामा माझ्याकडं बघत राहिले. म्हणाले, "म्हंजे इसरला नव्हतासा."

"नाही."

"एष्टीत मी इचारलं, तवाबी?"

"तेव्हाही नाही."

ते बाजेवर बसले. दोर हातात घेतला, परत खाली ठेवला. मी म्हणालो, "शिव्या द्या मला मामा. काय वाटेल ते बोला."

"शिव्या कशापायी देऊ," ते म्हणाले. आवाज खाली आला होता, स्वयंपाकघरात जाऊ नये म्हणून. "साहेब, ही तुमच्यावर लई चिडलीती. माझा भाऊ म्हनायचा, साहेबानं आपलं कातडं वाचवाय तुला बळी दिलं. साऱ्या भावकीत ह्येच. मी समद्यास्नी गप केलं. म्हटलं, त्यो मानूस खोटं बोलनारा न्हवं. इसरला असंल, मी बी इसरलोच की. धा वरसं ह्येच सांगत आलोय. भावासंगं भांडलो तुमच्यापायी, अजून बोलत न्हाय आमी. आता काय सांगू मी त्यास्नी?"

"मी सांगतो. मामींना आत्ता सांगतो. तुमच्या भावाकडं जातो, सगळ्यांपुढं सांगतो, की चूक माझी."

"नको."

"का मामा? तुमचंच खरं होतं असं कळेल की सगळ्यांना."

"तुमी सांगून मोकळं व्हाल आन् गाडीत बसून कोल्हापूरला जाल. मला हितंच ऱ्हायाचं हाय." ते माझ्याकडं न बघता बोलत होते. "मानसं काय म्हनतील? नोकरी गेली ती गेली, वर धा वरसं येड्यावानी त्येचीच बाजू घेत बसला. न्हाय साहेब. तुमी खरं मानूस हायसा, एवढंच तर ऱ्हायलं हुतं त्यातनं माझ्याजवळ. ते बी आज घिऊन चाललासा."

मामी चहा घेऊन आल्या. कपबशी माझ्या हातात दिली आणि उंबऱ्यावर बसल्या. "साहेब, खोटं कशाला बोलू," त्या म्हणाल्या, "आदी मलाबी राग हुता तुमचा. पर ह्ये म्हनले, साहेब तसला मानूस न्हवं. आन् आज बगा, तुमी सोताहून आलासा. माझ्या मनातलं सगळं गेलं."

मामांनी दोर पुन्हा वळायला घेतला होता. मी चहा प्यालो. त्यात दूध जास्त घातलं होतं, पाहुण्याला घालतात तसं.

निघालो तशा मामी फाटकापर्यंत आल्या. "येत जावा साहेब, तुमी आलासा की ह्यास्नी बरं वाटतंय," म्हणाल्या. मी हो म्हणालो. मामा उठले नाहीत.

त्या वर्षी दसऱ्याला पानं आली नाहीत. मीही पुन्हा त्या घरी गेलो नाही.